मुतूचा घसारा

आद्रियान मुतूबद्दल कुठेही काही लिहून आलं की त्यात दोनच गोष्टी असतात. कोकेन आणि वाया गेलेली गुणवत्ता. 'बिघडलेले प्रतिभावंत' छापाच्या याद्यांमध्ये त्याचा नंबर ठरलेला. सोबत चेल्सीच्या निळ्या जर्सीतला एक फोटो आणि खाली चार हळहळणाऱ्या ओळी. मला या गोष्टीचा कंटाळा आलाय. कंटाळ्यापेक्षा राग जास्त आहे. त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात भयंकर भाग या गोष्टीत येतच नाही. आलाच तर शेवटी एका वाक्यात उरकला जातो: 'नंतर त्याला क्लबला भरपाई द्यायला सांगण्यात आलं.' जणू नो पार्किंगचा दंड झाला होता.

ती भरपाई होती १ कोटी ७१ लाख ७३ हजार ९९० युरो. ज्या क्लबनं त्याला नोकरीवरून काढलं, त्याच क्लबला त्यानं ती द्यायची होती. आणि हा आकडा कसा काढला ते एकदा बघितलं की मुतूची गोष्ट व्यसनाची राहत नाही. ती नोकरीची गोष्ट होते. तुमच्या-माझ्या नोकरीची.

(आडनावावर हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. बालेवाडीच्या स्टँडमध्ये आमचं ते २०१५ मध्येच करून झालंय. रोमानियन भाषेत 'मुत' म्हणजे मुका.)

आधी थोडक्यात ओळख. १९७९ चा जन्म, रोमानियाच्या आर्जेश प्रांतातला. चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा हा दहा वर्षांचा होता. पिटेष्टीचा स्थानिक क्लब, मग दिनामो बुखारेस्ट, आणि २००० च्या जानेवारीत थेट इंटर मिलान. तिथं फारसं खेळायला मिळालं नाही. मग वेरोना, मग पार्मा. पार्मात २००२-०३ च्या मोसमात प्रान्देल्लीच्या हाताखाली, ब्राझीलच्या आद्रियानोच्या जोडीनं, त्यानं लीगमध्ये १८ गोल केले. इटालियन बचाव म्हणजे काय चीज असते हे ज्यांना माहीत आहे त्यांना या १८ चं वजन कळेल. त्याच उन्हाळ्यात रोमान अब्रामोविचनं चेल्सी विकत घेतला आणि पैशांची पोतीच सोडली. त्या पहिल्या खरेदीतला एक माल म्हणजे मुतू. किंमत २ कोटी २५ लाख युरो, करार पाच वर्षांचा, २००८ च्या जूनपर्यंत. पहिल्या तीन सामन्यांत त्यानं चार गोल मारले.

पुढचं वर्ष मात्र उतरतीचं गेलं. सगळ्या स्पर्धा धरून चेल्सीसाठी त्याचे एकूण गोल झाले १०. २००४ मध्ये मोरिन्यो आला, द्रोग्बा आला, आणि मुतूची जागा बेंचवर गेली. ऑक्टोबरमध्ये तर रोमानियाकडून खेळायला तो तंदुरुस्त आहे की नाही यावरून त्याचं आणि मोरिन्योचं उघड भांडण झालं. त्याच सुमाराला, १ ऑक्टोबर २००४ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं खास त्याची चाचणी घेतली होती. तिच्यात कोकेन सापडलं. २८ ऑक्टोबरला चेल्सीनं त्याला काढून टाकलं. असोसिएशननं सात महिन्यांची बंदी आणि २० हजार पौंडांचा दंड ठोठावला. मुतू टोनी ॲडम्सनं उभारलेल्या क्लिनिकमध्ये उपचारांसाठी दाखल झाला. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख गॉर्डन टेलर यांनी तेव्हाच म्हटलं होतं की हाकलण्याऐवजी क्लबनं त्याला सावरायला हवं होतं.

इथवर माझी फारशी तक्रार नाही. कोकेन घेतलं, सापडला, बंदी झाली, दंड झाला, नोकरी गेली. खेळाचे नियम त्याला माहीत होते. गुन्हा आणि शिक्षा, हिशोब पूर्ण. याद्या करणारे लोक इथंच थांबतात. चेल्सी थांबला नाही.

पुढे जाण्याआधी क्लब खेळाडू 'विकत घेतो' म्हणजे नक्की काय करतो ते बघू. माणूस विकत घेता येत नाही, निदान कागदावर तरी. क्लब आधीच्या क्लबला पैसे देऊन त्या माणसाची नोंदणी आपल्याकडे घेतो. हा खर्च वहीत एकाच वर्षी दाखवत नाहीत, कराराच्या वर्षांवर तो पसरतात. पाच वर्षांचा करार असेल तर दर वर्षी एक पंचमांश खर्च. तुमच्या कंपनीनं तुम्हाला दिलेला लॅपटॉप तिच्या वहीत असाच दर वर्षी थोडाथोडा संपत असतो. मराठीत याला घसारा म्हणतात. अकाउंट्सवाले लोक अमूर्त मालमत्तेसाठी वेगळा शब्द वापरतील, वापरू देत. गणित तेच आहे.

आता मुतूचं गणित. खरेदी २ कोटी २५ लाखांची. करार ६० महिन्यांचा. हकालपट्टीच्या वेळी शिल्लक ४४ महिने. फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडा: २ कोटी २५ लाख गुणिले ४४ भागिले ६०. बरोब्बर १ कोटी ६५ लाख. वरचे पावणेसात लाख एजंटची फी वगैरे खरेदीच्या इतर खर्चांच्या शिल्लक भागातून आले. झाला १ कोटी ७१ लाख ७३ हजार ९९०. शिवाय वार्षिक ५ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला साडेआठ लाख युरोहून जास्त. फिफाच्या वाद निवारण कक्षानं ७ मे २००८ ला हा आकडा दिला. लोझानच्या क्रीडा लवादानं ३१ जुलै २००९ ला तो कायम केला. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानं १० जून २०१० ला मुतूचं अपील फेटाळलं.

मी दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचतो. सवयीनं कुठलंही सूत्र दिसलं की त्यात काय इनपुट जातं ते आधी बघतो. या सूत्रात मुतूनं काय केलं, किती वेळा केलं, हे जात नाही. चेल्सीला मैदानात किती फटका बसला, हे जात नाही. मुतूचा पगार जात नाही. काढलं त्या दिवशी बाजारात त्याला काय भाव आला असता, तोही जात नाही. इनपुट दोनच: चेल्सीनं खरेदीवर केलेला खर्च आणि कॅलेंडर. आणि त्या खर्चातला जवळपास सगळा पैसा पार्माला गेला होता. मुतूनं तो कधी बघितलाही नव्हता. मुतूला सांगण्यात आलं की तू आता हा पैसा परत कर.

चेल्सीचा वकील म्हणेल, खर्च वाया गेला, भरपाई नको? चला, वाया गेलेला खर्च बघू.

पहिलं म्हणजे, करार संपवला कुणी? चेल्सीनं. मुतू कुठेही पळून गेला नव्हता. त्याची बंदी १८ मे २००५ ला संपत होती, आणि तेव्हाही करारातले ३७ महिने उरले असते. क्लबला त्याचा पगार कापता आला असता, बंदीपुरतं निलंबित करता आलं असतं, नंतर विकता आलं असतं. यातलं काहीही केलं असतं तर 'मालमत्ता' वहीत राहिली असती. चेल्सीनं ती स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकली आणि मग मालमत्तेलाच बिल पाठवलं. लवादाकडे हा मुद्दा २००५ मध्येच आला होता. तिथं उत्तर मिळालं की करार शेवटी कुणी संपवला याला महत्त्व नाही, कुणाच्या वागण्यामुळे तो संपला याला आहे. वाचायला ठीक वाटतं. पण या न्यायानं मालकाला दोन्ही हातांत लाडू मिळतो. नको असलेला, घसरलेला, प्रशिक्षकाशी भांडलेला खेळाडू बाहेर काढायचा, आणि वर त्याची वहीतली पूर्ण किंमतही वसूल करायची.

वहीतली किंमत आणि बाजारातली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळी मेख इथंच आहे. सेकंडहँड फोन विकायला काढलेल्या कुणालाही हे कळतं. वर्षभर बेंचकडे सरकत गेलेल्या, डोक्यावर बंदी असलेल्या स्ट्रायकरला २००४ च्या ऑक्टोबरात १ कोटी ६५ लाख कुणी दिले असते? त्याला पुढच्या जानेवारीत युव्हेंटसनं उचललं ते फुकट. बिगर-युरोपीय खेळाडूंचा कोटा भरलेला असल्यामुळे आधी लिव्होर्नोच्या नावावर घेतलं आणि तिथून युव्हेंटसकडे वळवलं. रोमानिया तेव्हा युरोपीय संघात नव्हता, तो आला २००७ च्या १ जानेवारीला. मग २००६ मध्ये युव्हेंटसनं त्याला फिओरेंतिनाला विकलं ८० लाखांना. मॅच फिक्सिंगच्या प्रकरणामुळे युव्हेंटसची तेव्हा खालच्या डिव्हिजनमध्ये हकालपट्टी झाली होती आणि माल घाईत काढायचा होता, हेही मान्य करू. तरी १ कोटी ६५ लाख कुठं आणि ८० लाख कुठं. मधला फरक म्हणजे चेल्सीनं महाग घेतलेल्या मालाचा तोटा. खरेदीत चूक झाली तर जोखीम खरेदीदाराची, हे भाजीबाजारापासून शेअरबाजारापर्यंत सगळीकडे चालतं. इथं ती जोखीम मालावर टाकली गेली.

आणि मैदानातलं नुकसान? ज्या मोसमात चेल्सीनं मुतूला काढलं त्या २००४-०५ मध्ये त्यांनी ९५ गुण मिळवून प्रीमियर लीग जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली.

आता मला या लेखातलं सगळ्यात आवडतं उदाहरण. मार्क बोझनिच, ऑस्ट्रेलियाचा गोलकीपर. तोही चेल्सीचाच. २००२ मध्ये त्याच्याही चाचणीत कोकेन सापडलं. त्यालाही नऊ महिन्यांची बंदी झाली, म्हणजे मुतूपेक्षा दोन महिने जास्त. त्यालाही चेल्सीनं काढलं. पण बोझनिच मँचेस्टर युनायटेडकडून आला होता तो फ्री ट्रान्सफरवर. सूत्रात किंमत टाका: शून्य. शून्य गुणिले काहीही भागिले काहीही, उत्तर शून्य. तोच क्लब, तेच द्रव्य, तीच हकालपट्टी, आणि हस्तांतराच्या रकमेपोटी मुतूच्या नावावर १ कोटी ६५ लाख. दोघांच्या गुन्ह्यात फरक नव्हता. फरक होता तो त्यांच्या आधीच्या क्लबनं घेतलेल्या किमतीत.

दुसरं उदाहरण अँडी वेब्स्टरचं. स्कॉटलंडचा बचावपटू, हार्ट्स क्लबचा. २००६ मध्ये करार शिल्लक असताना तो स्वतःहून निघाला आणि विगनला गेला. सुरुवातीचा संरक्षित काळ उलटून गेला होता, त्यामुळे नियमात बसत होतं. क्लबनं लाखो पौंड मागितले. क्रीडा लवादानं २००८ च्या जानेवारीत निकाल दिला: उरलेल्या काळाचा पगार, दीड लाख पौंड, विषय संपला. खेळाडूची बाजारातली किंमत हिशोबात धरायची नाही असंही सांगितलं. चारच महिन्यांनी मुतूला फिफाचा १ कोटी ७१ लाखांचा आदेश. जो स्वतःहून सोडून गेला त्याला दीड लाख. ज्याला दार दाखवलं त्याला शंभरपटीच्या आसपास. दोन्ही निकाल अखेर लोझानच्या एकाच लवादाचे.

या युक्तिवादावर मला मित्रांच्या ग्रुपवर ठरलेलं उत्तर मिळतं. 'अरे, करोडपती माणूस आहे. कोकेन ओढत होता. त्याच्यासाठी काय रडायचं?' मी रडत नाहीये. मुतू साधू नाही. २०१० मध्ये फिओरेंतिनात असताना तो पुन्हा सापडला, या वेळी भूक मारणाऱ्या सिब्युट्रामाइन नावाच्या औषधापायी, आणि पुन्हा नऊ महिने बाहेर बसला. पण 'तो आवडण्यासारखा माणूस नाही' हे कुठल्याही भरपाईच्या सूत्रातलं इनपुट असू शकत नाही. मालकाला नवा हक्क मिळवायचा असतो तेव्हा तो सगळ्यात आधी नावडत्या माणसावरच वापरून बघितला जातो. गरीब, सरळमार्गी, तीन मुलांच्या बापावर कुणी असा प्रयोग करत नाही. बघणाऱ्यांना तेव्हा चीड आली असती.

मला हे इतकं का खुपतं, ते सांगतो. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी कॅम्पसमधून नोकरी लागली तेव्हा ऑफर लेटरसोबत बॉण्ड आला. दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर 'प्रशिक्षणाचा खर्च' परत. प्रशिक्षण म्हणजे तीन महिने एक सर स्लाइड वाचून दाखवायचे. माझ्या शेजारी बसणारा एकविसाव्या महिन्यात निघाला, तर त्याच्याकडून पूर्ण रक्कम घेतली. त्यानं एचआरला विचारलं, 'एकवीस महिने झालेत, निदान त्या हिशोबात कमी करा.' मॅडम म्हणाल्या, 'सर, पॉलिसी आहे.' गंमत बघा, मुतूला निदान ४४ भागिले ६० मिळालं. आमच्याकडे भागाकारच नव्हता. आणि त्याच कंपनीनं मंदीत पन्नासेक जणांना काढलं तेव्हा उरलेल्या महिन्यांचा हिशोब कुणी केला नाही. गेल्या वर्षा-दोन वर्षांतली गोष्ट, २०२५ च्या मे महिन्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला. भरतीला खर्च येतो, सार्वजनिक पैसा आहे, ही बाजू मी समजू शकतो. पण भरतीचा खर्च हा धंदा करण्याचा खर्च आहे की नोकराच्या डोक्यावरचं कर्ज, हा प्रश्न त्यानं मिटत नाही. मुतूच्या खटल्यात तो प्रश्न त्याच्या सगळ्यात नागड्या रूपात दिसतो, म्हणून मी तो वाचत बसलो.

२०१५ मध्ये मी पहिल्या वर्षाला होतो आणि मुतू पुण्यात होता. इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटीचा मार्की खेळाडू, प्रशिक्षक डेव्हिड प्लॅट. ३६ वर्षांचा मुतू. पळणं जवळजवळ संपलेलं, पण चेंडू पायाला लागल्यावर पहिला स्पर्श असा की स्टँडमधला गोंगाट क्षणभर खाली यायचा. पोस्टरवर त्याच्या नावापुढे चेल्सी आणि युव्हेंटस लिहिलेलं असायचं. त्या नावांमधला हिशोब आम्हाला कुणालाच माहीत नव्हता. तो क्लब २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या क्लबनं घेतली.

आणि 'वाया गेलेली कारकीर्द' म्हणतात ती जरा नीट बघा. फिओरेंतिनात पुन्हा प्रान्देल्ली भेटला आणि मुतूनं लीगमध्ये एका मोसमात १६, दुसऱ्या मोसमात १७ गोल मारले. २००८ मध्ये फिओरेंतिना चौथी आली, चॅम्पियन्स लीगला पात्र ठरली. फिफाच्या निकालावर तारीख आहे ७ मे २००८. सव्वा महिन्यानं, १३ जूनला, झुरिचमध्ये युरो स्पर्धेत त्यानं विश्वविजेत्या इटलीला गोल मारला. त्याच सामन्यात, शेवटची दहा मिनिटं उरली असताना, त्याची पेनल्टी बुफॉननं अडवली आणि १-१ राहिलं. ती गेली असती तर इटली साखळीतच घरी गेली असती. रोमानियासाठी त्याचे गोल झाले ७७ सामन्यांत ३५. देशाचा सर्वकालीन विक्रम ३५ चाच, घ्योर्गे हाजीचा, आणि त्याला लागले १२४ सामने. मुतूला एक गोल हवा होता. २०१३ मध्ये त्यानं राष्ट्रीय प्रशिक्षक पित्सुर्काला मिस्टर बीन दाखवणारं एक चित्र फेसबुकवर टाकलं आणि संघातून त्याची कायमची गच्छंती झाली. यावर मात्र मी त्याच्या बाजूनं काही बोलू शकत नाही. हसू आवरत नाही.

फुटबॉलमध्ये एक नियम होता की खेळाडूनं करार मोडला तर त्याचा नवा क्लबही भरपाईला जबाबदार. चेल्सीनं तोही दरवाजा ठोठावला. २०१३ मध्ये फिफानं सांगितलं, मुतूबरोबर युव्हेंटस आणि लिव्होर्नोही पैसे देणं लागतात. दोन्ही क्लब लवादाकडे गेले आणि २०१५ च्या जानेवारीत सुटले. कारण काय? हा नियम खेळाडू फोडणाऱ्या क्लबांना आळा घालण्यासाठी आहे, आणि इथं तर चेल्सीनंच खेळाडूला काढलं होतं, त्याला तो नकोच होता, म्हणून नियम लागू नाही. हे वाचून मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारली. म्हणजे 'क्लबनंच काढलं' हा मुद्दा दोन श्रीमंत क्लबांना सोडवायला पुरेसा होता. ज्या माणसाला काढलं त्याला सोडवायला मात्र तोच मुद्दा कामाचा नव्हता.

मुतू स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेला. लवादातले पंच निष्पक्ष नव्हते अशी त्याची तक्रार होती. तिचा निकाल लागला २ ऑक्टोबर २०१८ ला, जर्मन स्केटर क्लाउडिया पेखश्टाइनच्या तक्रारीसोबत. तिची उघड सुनावणीची मागणी नाकारली गेली होती, त्याबद्दल तिला ८ हजार युरो मिळाले. मुतूला काही मिळालं नाही. सातपैकी दोन न्यायाधीशांनी लवादाच्या स्वातंत्र्याबद्दल वेगळं मत नोंदवलं. निकालात एक गोष्ट अशी होती की लवादाकडे जाण्याची पेखश्टाइनवर सक्ती होती, मुतूवर तशी नव्हती, त्याला पर्याय होता. ऑफर लेटरवर सही करणाऱ्या प्रत्येकाला असतो तसा.

मधल्या काळात दुसऱ्यांनी ही भिंत थोडीथोडी पाडली. ब्राझीलच्या मातुझालेमवर क्लबला भरपाई न दिल्याबद्दल खेळबंदीची टांगती तलवार होती. २०१२ मध्ये स्विस न्यायालयानं ती उतरवली. कर्ज फेडलं नाही म्हणून माणसाला त्याचा धंदाच करू द्यायचा नाही, हे व्यक्तिस्वातंत्र्यावरचं अती आक्रमण आहे, असं त्यांचं म्हणणं. मग फ्रान्सचा लासाना दियारा. मॉस्कोच्या लोकोमोटिव क्लबनं त्याचा करार २०१४ मध्ये संपवला आणि वर त्याच्याकडून १ कोटी ५ लाख युरोंची भरपाईही मिळवली. नव्या क्लबवर जबाबदारी टाकणाऱ्या नियमामुळे त्याला घ्यायला कुणी धजेना. बेल्जियमच्या शार्लरुआनं तयारी दाखवली, पण ते देणं आपल्यावर येणार नाही याची हमी मागितली. ती मिळाली नाही आणि करार फिसकटला. ४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपीय संघाच्या न्यायालयानं सांगितलं की फिफाचे हे नियम कामगारांच्या मुक्त संचाराच्या आणि स्पर्धेच्या कायद्यात बसत नाहीत. 'कामगार' हा शब्द महत्त्वाचा. न्यायालयानं दियाराकडे बघून तोच वापरला. फिफाला नियम बदलायला बसावं लागलं. मुतूला याचा उपयोग नाही, त्याची शेवटची पायरी २०१८ मध्येच संपली होती.

चेल्सीची वही मात्र चालू आहे. नवे मालक आल्यावर त्यांनी खेळाडूंना आठ-साडेआठ वर्षांचे करार द्यायला सुरुवात केली, कारण जितकी जास्त वर्षं तितका दर वर्षीचा घसारा कमी. युएफानं २०२३ मध्ये हिशोबासाठी पाच वर्षांची मर्यादा घातली, प्रीमियर लीगनंही घातली. त्याआधी, २०२३ च्या जानेवारीत, युक्रेनचा मिखाइलो मुद्रिक साडेआठ वर्षांच्या करारावर आला होता. मूळ रक्कम ७ कोटी युरो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये बंदी असलेल्या पदार्थाच्या चाचणीवरून त्याच्यावर तात्पुरतं निलंबन आलं. मी जाणूनबुजून काहीही घेतलेलं नाही, असं तो म्हणाला, आणि क्लबनं त्याचं ते म्हणणं स्वतःच्या निवेदनात छापलं. मुतूला चाचणीनंतर चार आठवड्यांत काढलं होतं. मुद्रिकला तसं काढलं नाही, आणि ते योग्यच झालं. १०२ महिन्यांचा करार, तेव्हा शिल्लक ७८. जुन्या सूत्रात टाकून बघितलं तर साडेपाच कोटींना थोडे कमी येतात.